वंशाचा अधिकार: रसेल घराण्याची वंशावळ आणि कुलीनतेचा प्रश्न

पूर्वजांचे कर्तृत्व, मान आणि सत्ता वंशजाला केवळ जन्माने मिळावी काय, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात कुलीनतेची फोड पिढ्यान्‌पिढ्यांची संपत्ती आणि सद्गुण अशी केली. रोमन कवी जुव्हेनलने आपल्या आठव्या उपहासिकेत पूर्वजांच्या पुतळ्यांवर मोठेपणा मिरवणाऱ्यांचा समाचार घेतला. दान्तेने ‘कॉन्व्हिव्हिओ’त खरी कुलीनता घराण्यात नसून व्यक्तीच्या गुणात असते असे मांडले, तर कांटने १८ व्या शतकाच्या अखेरीस वंशपरंपरागत उमरावी म्हणजे कर्तृत्वाच्या आधीच दिलेला दर्जा, अशी हरकत घेतली. तरीही या टीकेने बरीच शतके फारसे काही बदलले नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. तिथे उमराव घराण्यातला वारस १९९९ पर्यंत जन्माच्या बळावर कायदेमंडळात बसत असे. शिवाय तिथल्या घराण्यांच्या वंशावळी बारकाईने जपलेल्या आहेत. जॉन बर्कने १८२६ मध्ये सुरू केलेला ‘पीअरेज’ हा कोश तेव्हापासून नव्याने निघत आला आहे. त्यामुळे जन्मावर आधारलेल्या दाव्याची तपासणी इथे नोंदींच्या आधारे करता येते. त्यासाठी रसेल घराण्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. बेडफर्डचे ड्यूक, पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल आणि तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल ही सगळी याच वंशवृक्षावरची नावे, आणि वंशाधिकारावरच्या इंग्रजी वादाची जवळजवळ प्रत्येक मोठी फेरी कुठे ना कुठे या घराण्याला स्पर्शून गेलेली आहे.

घराण्याचा उदय पुराणकाळातला नाही. परंपरेनुसार जानेवारी १५०६ मध्ये कॅस्टिलचा राजा फिलिप वादळात सापडून वेमथच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा परकी भाषा येणारा स्थानिक गृहस्थ म्हणून जॉन रसेल त्याच्याबरोबर दरबारात गेला आणि तिथेच त्याचे नशीब उघडले. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले तेव्हा टॅव्हिस्टॉकच्या मठाच्या जमिनी रसेलला मिळाल्या. पुढे वोबर्नचा मठ आणि १५५२ मध्ये लंडनचे कॉव्हेंट गार्डन त्याच्याकडे आले. १५५० मध्ये तो बेडफर्डचा अर्ल झाला. वोबर्नचा मठाधिपती रॉबर्ट हॉब्ज याला राजाचे धर्मप्रमुखत्व नाकारल्याबद्दल १५३८ मध्ये फाशी देण्यात आली होती. रसेलांचे वैभव उभे राहिले ते या जमिनीवर.

इथूनच धर्माचा प्रश्न निघतो. देवाला वाहिलेली मालमत्ता हिरावून घेण्याचा दोष वंशजांना लागतो काय? सर हेन्री स्पेलमन या १७ व्या शतकातील इतिहाससंशोधकाने याच विषयावर ग्रंथ लिहिला; तो त्याच्या मृत्यूनंतर १६९८ मध्ये छापला गेला. मठांच्या जमिनी बळकावणारी घराणी निपुत्रिक झाली, त्यांच्यावर अपमृत्यू आणि दारिद्र्य ओढवले, असे त्याने घराण्यामागून घराणे घेऊन दाखवण्याचा प्रयत्न केला. म्हणजे वंशावळ ही त्याच्या दृष्टीने ईश्वरी न्यायाची नोंदवही होती. बायबलमध्ये या मताला आधार आहे आणि विरोधही आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात वडिलांच्या पापाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात मात्र मुलगा बापाच्या पापाचा धनी नाही, ज्याचे पाप त्याला, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

स्पेलमनचा पुरावा टिकत नाही. रसेल घराणे नष्ट झाले नाही, भरभराटीला आले. आणि त्या काळी मठांशी काहीही संबंध नसलेली उमराव घराणीही पुरुष वारसाअभावी संपत होती. पण त्याच्या प्रश्नाची धार त्यामुळे बोथट होत नाही. पूर्वजाने मिळवलेला मान आपला म्हणायचा आणि त्याने केलेला अन्याय मात्र त्याच्याबरोबर पुरला असे धरायचे, हे तर्काला धरून नाही. वारसा स्वीकारायचा तर तो कर्जासकट स्वीकारावा लागतो. यहेज्केलचे तत्त्व मान्य करणाऱ्याने ते दोन्ही बाजूंनी मान्य केले पाहिजे: पाप वंशाने येत नसेल तर पुण्यही येत नाही.

जमिनीखालोखाल घराण्याची ताकद होती सोयरिकींत. लॉर्ड विल्यम रसेलची पत्नी रेचल ही साउथॅम्प्टनच्या चौथ्या अर्लची मुलगी व वारस. लंडनचे ब्लूम्सबरी तिच्यामुळे रसेलांकडे आले. १६८३ मध्ये राजाला मारण्याच्या राय हाउस कटाच्या आरोपावरून विल्यमवर खटला झाला, तेव्हा न्यायालयात त्याच्या शेजारी बसून तिने टिपणे घेतली. २१ जुलैला लिंकन्स इन फील्ड्स येथे त्याचा शिरच्छेद झाला. पुढे १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर त्याची शिक्षा रद्द ठरली आणि १६९४ मध्ये त्याच्या वृद्ध वडिलांना बेडफर्डचे ड्यूकपद मिळाले. रेचलच्या एका मुलीचे लग्न पुढे डेव्हनशरचा दुसरा ड्यूक झालेल्या विल्यम कॅव्हेंडिशशी झाले, दुसरीचे रटलंडच्या भावी ड्यूकशी. एका विधवेची तीन मुले तीन ड्यूक-घराण्यांत गेली. मुलगा रायथस्ली याचे लग्न १६९५ मध्ये एलिझाबेथ हाउलंड या श्रीमंत वारसकन्येशी झाले. तिच्या आईचे वडील सर जोसाया चाइल्ड ईस्ट इंडिया कंपनीचे सर्वेसर्वा होते. त्यांच्याच धोरणामुळे कंपनी औरंगजेबाशी युद्धात पडली आणि १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने मुंबईला वेढा घातला. व्यापाराचा पैसा उमरावांच्या वंशवृक्षात शिरला तो अशा लग्नांतून.

पुढच्या पिढ्यांत हे जाळे आणखी घट्ट झाले. चौथ्या ड्यूकची पहिली पत्नी डायना स्पेन्सर ही मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकची नात. ती तरुणपणीच वारली. ड्यूकने दुसरे लग्न केले, आणि त्या लग्नाची मुलगी १७६२ मध्ये डायनाच्याच भाच्याला, म्हणजे मार्लबरोच्या चौथ्या ड्यूकला दिली. विन्स्टन चर्चिल या जोडप्याच्या वंशातले. रसेल, स्पेन्सर, कॅव्हेंडिश, मॅनर्स, लेव्हसन-गॉवर ही घराणी इतकी गुंतलेली होती, की १८ व्या शतकातले व्हिग पक्षाचे मंत्रिमंडळात बऱ्याच अंशी एकमेकांचे मेहुणे, भाचे आणि साडू असत. उमरावी केवळ बापाकडून मुलाकडे जाते हे कायद्याचे म्हणणे. प्रत्यक्षात तिचा विस्तार स्त्रियांमधून झाला, आणि घराण्याच्या नावाच्या सरळ रेषेत मात्र त्या दिसेनाशा झाल्या.

विल्यम रसेलचा मृत्यू या तात्त्विक वादाच्या मध्यभागी येतो. तीनच वर्षांपूर्वी, १६८० मध्ये, सर रॉबर्ट फिल्मरचा ‘पॅट्रिआर्का’ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला होता. देवाने आदामाला पित्याचा अधिकार दिला, तोच वारसाहक्काने राजांकडे आला, म्हणून राजसत्ता हा प्रजेच्या संमतीचा विषयच नाही, असा त्याचा सिद्धान्त. राजाचा अधिकार एका वंशावळीवर टांगलेला होता आणि त्या वंशावळीचे मूळ धर्मग्रंथात होते. राजाला विरोध करणाऱ्या ज्या गटात रसेल होता त्याचा नेता शाफ्ट्सबरी, आणि शाफ्ट्सबरीचा सल्लागार जॉन लॉक. फिल्मरला उत्तर म्हणून लिहिलेल्या हस्तलिखिताचा पुरावा म्हणून वापर करून अ‍ॅल्जर्नन सिडनीला त्याच वर्षी डिसेंबरात मृत्युदंड दिला गेला. हा सिडनीही एका अर्लचाच मुलगा. लॉक हॉलंडला निसटला. त्याचे दोन प्रबंध क्रांतीनंतर, १६८९ च्या अखेरीस छापले गेले.

पहिला प्रबंध आज फारसा वाचला जात नाही, पण वंशाधिकारावरची सर्वांत कसून केलेली चिकित्सा त्यातच आहे. लॉक पायरीपायरीने जातो. आदामाला असा अधिकार होता हे सिद्ध नाही. होता असे मानले तरी तो त्याच्या वारसांना मिळाला याला आधार नाही. मिळाला असे मानले तरी वारस कोण, थोरला मुलगा, मुलीचा मुलगा की भाऊ, हे ठरवणारा दैवी किंवा निसर्गाचा नियम नाही. आणि तसा नियम असता तरी आदामाची थोरली शाखा आज कोणती, हे कुणालाच सांगता येणार नाही. या शेवटच्या दोन पायऱ्या फार मोलाच्या आहेत. ज्येष्ठपुत्राधिकार निसर्गातून निघत नाही, तो माणसांनी केलेला कायदा आहे, हे एकदा स्पष्ट झाले की जन्माने मिळणारा प्रत्येक अधिकार मानवी मान्यतेच्या कक्षेत येतो. आणि जे मान्यतेने मिळते त्याचे समर्थन मागता येते.

समर्थनाचा सर्वांत समर्थ प्रयत्न एडमंड बर्कचा. १७९० च्या ‘रिफ्लेक्शन्स’मध्ये त्याने समाजाला हयात, दिवंगत आणि अजून जन्माला न आलेल्या लोकांची भागीदारी मानले. वारसा ही त्याच्या मते सातत्य टिकवणारी व्यवस्था: मागून आलेले सांभाळायचे आणि पुढे सोपवायचे असल्याने सत्ताधारी मनमानी करत नाही. थॉमस पेनने पुढच्याच वर्षी ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये उत्तर दिले, की वंशपरंपरागत कायदेकर्ता ही कल्पना वंशपरंपरागत गणितज्ञाइतकीच विसंगत आहे. पेनचे म्हणणे ज्ञान आणि कौशल्यापुरते अचूक आहे. पण बर्क कौशल्याविषयी बोलतच नव्हता. तो विश्वस्तपणाविषयी बोलत होता. झाडे लावणारा, इमारती राखणारा, नातवंडांचा विचार करणारा मालक हा त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि असे मालक खरोखरच होते. हा मुद्दा पेनने पुरेशा गांभीर्याने घेतला नाही.

मात्र बर्कलाच काही वर्षांत दुसरी बाजू मांडावी लागली. १७९४ मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा रिचर्ड वारला आणि बर्कला उमरावपद देण्याचा विचार मागे पडला; ज्याच्या मागे वारस नाही त्याला वंशपरंपरागत पद कशासाठी! त्याला निवृत्तिवेतन मिळाले, त्यावर बेडफर्डच्या पाचव्या ड्यूकने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये टीका केली. हा ड्यूक पाच वर्षांचा असताना गादीवर आलेला. बर्कने १७९६ मध्ये ‘लेटर टु अ नोबल लॉर्ड’ लिहून रसेलांच्या संपत्तीचे मूळ उघडे केले: आपले वेतन सार्वजनिक सेवेचे फळ आहे, ड्यूकची इस्टेट एका जुलमी राजाने लुटलेल्या मठांची देणगी आहे. वारशाचा सर्वांत मोठा समर्थक इथे वारशाला त्याच्या उगमाचा जाब विचारतो. बर्कने यातून वंशाधिकार नाकारला नाही. दीर्घ उपभोगाने मालकी शुद्ध होते हे त्याचे मत कायम होते. पण काळाने मालकी कायदेशीर होते याचा अर्थ ती मानाला पात्र होते असा नाही, हे त्याच्या पत्रातूनच सिद्ध होते.

आतापर्यंतच्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: वंशावळ म्हणजे रक्ताची रेषा. प्रत्यक्षात ती तशी नव्हती. डेव्हनशरच्या पाचव्या ड्यूकची पत्नी जॉर्जियाना स्पेन्सर हिला चार्ल्स ग्रेपासून १७९२ मध्ये मुलगी झाली. ती ग्रेच्या आईवडिलांकडे वाढली आणि कॅव्हेंडिश वंशावळीत तिला जागा नाही. दुसरीकडे, विवाहात जन्मलेले मूल पतीचेच, हे इंग्रजी कायद्याचे जुने गृहीतक. १७७७ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने त्यात भर घातली: मूल अनौरस ठरेल अशी साक्ष पती किंवा पत्नीला देता येणार नाही.

या नियमाची कसोटी रसेल घराण्यातच लागली. सहाव्या ड्यूकचा नातू ओडो रसेल १८८१ मध्ये पहिला बॅरन अ‍ॅम्प्टहिल झाला. त्याचा मुलगा, दुसरा बॅरन, १९०० ते १९०६ मद्रासचा गव्हर्नर होता. गांधीजींच्या जोसेफ डोकलिखित पहिल्या चरित्राची प्रस्तावना याचीच. त्याचा वारस जॉन याने १९२१ मध्ये पत्नीला झालेले मूल आपले नाही, आपला शरीरसंबंधच आला नव्हता, असा दावा करून घटस्फोट मागितला. १९२४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मॅन्सफील्डच्या नियमावर बोट ठेवून त्याची साक्ष अग्राह्य ठरवली. १९२६ मध्ये मूल औरस असल्याचा निर्णय झाला. १९७३ मध्ये तिसरा बॅरन वारला तेव्हा त्याच्या नंतरच्या विवाहातल्या मुलाने पदावर हक्क सांगितला. १९७६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने १९२१ मध्ये जन्मलेल्या त्या मुलाच्या, म्हणजे जेफ्री रसेलच्या, बाजूने कौल दिला. वैधतेचा पूर्वीचा निर्णय अंतिम आहे, तो पुन्हा उकरता येणार नाही, हे त्याचे कारण.

हा निर्णय योग्य होता. पन्नास वर्षे मुलगा म्हणून जगलेल्या माणसाचे नाते रक्ताच्या थेंबावर उलटेपालटे करणे अन्यायाचे ठरले असते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष कुलीनतेच्या सिद्धान्ताला फार जड जातो. पितृत्व ही इथे निसर्गाची वस्तुस्थिती नसून विवाह, नोंद आणि न्यायनिर्णय यांनी घडवलेली संस्था आहे. २०१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने प्रिंगल घराण्याच्या बॅरोनेटपदाच्या प्रकरणात डीएनएचा पुरावा ग्राह्य धरला आणि पद दुसऱ्या शाखेकडे गेले. म्हणजे रक्त आणि संस्था यांतले काय निर्णायक मानायचे, यावर खुद्द या व्यवस्थेचे एकमत नाही.

हाच मुद्दा भारतात एका राज्याच्या मुळावर आला. लॉर्ड जॉन रसेलच्या मंत्रिमंडळाने डलहौसीला गव्हर्नर जनरल नेमले. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निधन पावले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हिंदू धर्मशास्त्रानुसार दत्तकाचे गोत्र बदलते, तो पिंडाचा आणि वारशाचा अधिकारी होतो. विधीने तो पुत्रच होतो. कंपनीने खासगी मालमत्तेपुरते हे मान्य केले, राज्यापुरते नाकारले आणि सातारा खालसा झाला. इंग्लंडमध्ये दत्तकविधानाचा कायदा १९२६ पर्यंत नव्हता, आणि दत्तक मुलाला उमरावपद आजही मिळत नाही. परंतु विवाहाने ठरलेले पितृत्व रक्ताची चौकशी न करता मान्य करणारी व्यवस्था आणि विधीने ठरलेले पितृत्व मान्य करणारी व्यवस्था, यांत तत्त्वाचा फरक नाही. दोन्हींत पुत्रत्व समाजाच्या मान्यतेने उभे राहते. एक मान्यता पवित्र आणि दुसरी पोकळ ठरली ती तर्काने नाही, सत्तेच्या सोयीने. १८५७ नंतर, १८६२ मध्ये, कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. साताऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

गणितही रक्ताच्या दाव्याला साथ देत नाही. प्रत्येक पिढीमागे पूर्वजांची स्थाने दुप्पट होतात: दहाव्या पिढीत १,०२४, विसाव्या पिढीत दहा लाखांवर, तिसाव्या पिढीत शंभर कोटींच्या पुढे. मध्ययुगीन इंग्लंडची लोकसंख्या साठ-सत्तर लाखांच्या पलीकडे नव्हती. अर्थात तेच पूर्वज पुन्हापुन्हा येतात, आणि मागे जावे तसा सगळ्या समाजाचा पूर्वजसमूह एक होत जातो. उमराव आणि त्याची जमीन कसणारे कूळ यांत फरक उरतो तो नोंदीचा: एकाचे पूर्वज कागदावर आहेत, दुसऱ्याचे नाहीत.

राजकारणातून वंशाधिकार हळूहळू हटला. १ मार्च १८३१ रोजी निवडणूक सुधारणेचे विधेयक कॉमन्समध्ये मांडले ते लॉर्ड जॉन रसेलने, चार्ल्स ग्रेच्या मंत्रिमंडळातर्फे. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांचे हाउस ऑफ लॉर्ड्समधील स्थान संपले. ९२ जण राहिले, त्यांतले बहुतेक निवडून. जेफ्री रसेल त्या निवडून आलेल्यांपैकी एक होता. ज्याच्या रक्तावर शंका घेतली गेली, त्याला सभागृहाने त्याचे काम पाहून ठेवले. वंशाधिकाराच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे.

लॉर्ड जॉनचा नातू बर्ट्रंड रसेल १९३१ मध्ये भावाच्या मृत्यूनंतर तिसरा अर्ल रसेल झाला. १९४५ च्या ‘हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी’मध्ये फिल्मर आणि लॉक यांची चर्चा करताना त्याने एक निरीक्षण नोंदवले: लोकशाही देशांनी राजकारणात वंशाधिकार नाकारला, पण अर्थव्यवहारात तो जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. हे निरीक्षण त्याच्या स्वतःच्या घराण्याला तंतोतंत लागू पडते. बेडफर्डच्या ड्यूकला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आता जन्मसिद्ध जागा नाही. वोबर्न अ‍ॅबी मात्र आजही रसेलांकडे आहे. मृत्युकर भागवण्यासाठी तेराव्या ड्यूकने ती १९५५ मध्ये लोकांसाठी खुली केली. रेचलने माहेरून आणलेल्या ब्लूम्सबरीतली मोठी स्थावर मालमत्ताही बेडफर्ड इस्टेटच्याच ताब्यात आहे.